खर्जाचा मान

‘साथ’ हा शब्द आपल्या भाषेत मोठा गोड आहे. साथ करावयाची म्हणजे बरोबर राहावयाचे, पण पुढे व्हावयाचे नाही. आधार द्यावयाचा, पण हात दिसू द्यावयाचा नाही. तबलजीला आपण साथीदार म्हणतो, तंबोरा धरणाऱ्या शिष्याला म्हणतो आणि जन्मभर संसार ओढणाऱ्या माणसालाही म्हणतो. परंतु साथ करणाऱ्याने पुढे येऊ नये, हा नियम मुळात केला कोणी? साथ करणाऱ्याने, की ज्याला साथ मिळते त्याने? प्रश्न संगीतातला असला तरी तो घराघरांतला आहे. म्हणून ऐन दिवाळीत वाचकांपुढे मांडण्यास हरकत नसावी.

या प्रश्नाचा विचार मी एका परक्या वाद्याच्या आधाराने करणार आहे. ते वाद्य म्हणजे बेस गिटार. गणपती-नवरात्रात किंवा लग्नसराईत आमच्या वाशीम, रिसोड, कारंज्याकडे ऑर्केस्ट्राचा मंडप लागला, की गायक-गायिका झगमगत्या पोशाखात पुढे उभ्या असतात, ढोलकीवाला टाळ्या घेत असतो, आणि मागे ड्रमच्या कडेला एक माणूस लांब दांड्याचे चार तारांचे वाद्य गळ्यात अडकवून उभा असतो. तो वाजवतो आहे हे दिसते. काय वाजवतो हे कोणास सांगता येत नाही. लहान मुले तर त्याला सुटीवर असलेला गिटारवाला समजतात.

हे वाद्य फार जुने नाही. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यमेळात खर्जाचे काम माणसाहून उंच अशा लाकडी डबल बेसकडे असे. ते वाहून नेणे जिकिरीचे, आणि ढोल-पिपाण्यांच्या गर्दीत ते ऐकूही येत नसे. १९५१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या कारागिराने विजेवर चालणारी, खांद्यावर लटकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. कारण तिच्या दांड्यावर पडदे होते आणि बोट ठेवताच स्वर नेमका लागत असे. तिच्या सर्वांत जाड तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. आपल्या तंबोऱ्यालाही बहुधा चारच तारा असतात आणि त्यातली शेवटची पितळेची तार खर्जाची असते. दोन्ही वाद्यांचे कूळ निराळे, पण घरातले स्थान एकच.

आमच्या परिचयाचे एक बेसवादक आहेत. दिवसा ते दुकान पाहतात आणि सुपारी आली की रात्री वाजवतात. वाद्यांविषयी त्यांची मते ठाम आहेत आणि मला ती नीतिशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा उपयोगी वाटतात. ते म्हणतात, वाद्य महाग असावे असे नाही, पण ते रोज तेच असावे. बोटाला जागा पाठ झाली पाहिजे. नव्या तारा झणझणतात, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी तारा बदलू नयेत. पट्टा रुंद असावा, कारण चार तासांनंतर बोट दुखत नाही, खांदा दुखतो. वाद्यावर पन्नास हजार घालणारे वायरीत दोनशे रुपये वाचवतात आणि भर मंडपात खरखर ऐकवतात. जवळ एक जादा वायर, एक फ्यूज आणि एक बॅटरी असावी. गायकाच्या घशाला जादा घसा मिळत नाही, आपल्याला वायर तरी मिळते. आवाज किती ठेवावा, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे: गायिकेचा शब्द मला उभ्या जागेवरून कळेनासा झाला, की माझा आवाज जास्त झाला. कान सतत ड्रमच्या मोठ्या ढोलावर असावा, आणि हात मोकळा मिळाला म्हणून जागा भरू नये. “रिकामी जागा ही पण वाजवायचीच असते जी,” असे ते वऱ्हाडी सुरात सांगतात.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, की हा विनयाचा पाठ झाला. मला तसे वाटत नाही. खर्ज धरणाऱ्याच्या हाती जी सत्ता असते तिचा आपणांस पत्ता नसतो, म्हणून आपण तिला विनय म्हणतो. पेटीवर सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम दाबून पाहा. प्रसन्न, स्वच्छ असे काही ऐकू येईल. आता ते तसेच ठेवून खाली मंद्रातला ध लावा. वरच्या तीन स्वरांनी आपली जागा सोडलेली नाही, तरी त्यांच्यावर उदासपणाची सावली पडते. वरच्यांचा अर्थ खालच्याने बदलला! गायिका तेच शब्द त्याच सुरात गात असते. ती हसते आहे की हुंदका गिळते आहे, हे पुष्कळदा मागचा माणूस ठरवतो. तो क्षणभर आधी आला तर गाणे धावू लागते, क्षणभर मागे राहिला तर ते रेलते. ज्याला इतके करता येते तो नोकर नव्हे. त्याने स्वतःला आवरणे ही लीनता नसून जबाबदारी आहे. गाडी हाकणाऱ्याने उतारुंना झोप लागू द्यावी, तशी.

मग एवढ्या सत्तेच्या माणसाला बिदागी किती मिळते? सर्वांत कमी मिळणाऱ्यांत तो असतो, आणि खर्च कमी करावयाचा झाला म्हणजे पहिली काट त्याच्यावर पडते. की-बोर्डवाल्याच्या डाव्या हातावर किंवा आधीच भरून ठेवलेल्या आवाजावर त्याचे काम भागवले जाते. कार्यक्रम पार पडतो, कोणी तक्रार करीत नाही. ‘आज रंग भरला नाही’ एवढेच लोक म्हणतात, आणि दोष गायिकेला देतात. ज्याचे काम दिसत नाही त्याची उणीवही दिसत नाही, ती दुसऱ्याच्या नावावर पडते. हा या प्रकारातला खरा अन्याय आहे.

हा अन्याय केवळ आमच्या मंडपातला नाही. अमेरिकेत मोटाऊन या ग्रामोफोन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गीतांवर जेम्स जेमरसन याचा बेस आहे. तो एकाच बोटाने तारा छेडीत असे, आणि तुटल्याशिवाय तार बदलत नसे अशी त्याची ख्याती होती. साठीच्या दशकात जग त्याच्या खर्जावर नाचले. पण त्याचे नाव मोठ्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापले गेले ते १९७१ साली, मार्व्हिन गे याच्या तबकडीवर. १९८३ साली तो वारला आणि २००० साली त्याला साथीदारांच्या वर्गात मोठा सन्मान मिळाला. आपल्याकडील चित्रपटसंगीतातही तेच. राहुलदेव बर्मन यांची गाणी आपण गुणगुणतो, त्यांत बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव किती घरांत ठाऊक आहे? गोव्याकडून मुंबईस आलेल्या किती तरी वादकांनी त्या काळचे स्टुडिओ भरले. तबकडीवर नाव मात्र गायकाचे, संगीतकाराचे आणि कवीचे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. नावाची हाव सोडून केलेले कर्म तेच श्रेष्ठ, असे आपली परंपरा सांगत आली आहे; मग साथीदाराने मानाची अपेक्षा का करावी? मला वाटते, फळाची आशा सोडण्याचा उपदेश ज्याने त्याने स्वतःला करावयाचा असतो. तोच दुसऱ्याला केला, की तो देणे बुडवण्याचा सोयीस्कर मार्ग होतो. बेसवादक आपण होऊन मागे उभा राहिला तर ते त्याचे शील. त्याला मागेच ठेवून आपण त्याच्या शीलाचे गोडवे गाऊ लागलो, तर ती आपली लबाडी. सणाच्या दिवशी पहाटेपासून चुलीपुढे राबणारीला ‘तुझ्या हाताला चव आहे’ म्हणून पुन्हा चुलीपुढेच पाठवणारे घर याच जातीचे.

परंपरा याहून शहाणी आहे, याचा पुरावा आमच्याच गावांत मिळतो. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे वीणा उभी राहते. सात दिवस आणि सात रात्री ती खाली ठेवावयाची नाही; पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जावयाची. तिच्यावर कोणी गत वाजवीत नाही, तान घेत नाही. नुसता आधाराचा सूर. रात्री कीर्तनाला मंडप भरतो, आणि पहाटे तीनला वीणेकरी एकटा उभा असतो. पण दिंडीत मुख्य कोण? वीणेकरी. लोक पाया कोणाच्या पडतात? त्याच्या. ज्याच्याजवळ कसब दाखवण्याजोगे काही नाही, पण ज्याच्या सुरावर सारे उभे आहे, त्याला नमस्कार करण्याची रीतच वारकऱ्यांनी घालून दिली. मान द्यावयाचा की नाही हे कोणाच्या लहरीवर ठेवले नाही. पोहरादेवीलाही असेच काही दिसते. बंजारा समाजाच्या पूजेत नंगाऱ्याला मोठे स्थान. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उघडलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाची इमारत नंगाऱ्याच्या आकाराची आहे. तालाच्या वाद्याला एका समाजाने आपल्या स्मृतीचे घरच करून टाकले.

खर्जाला मान द्यावा म्हणजे त्याचा आवाज वाढवावा, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. वरातीपुढे चालणाऱ्या डीजेच्या भिंतींनी तोच अर्थ घेतला आहे. तेथे खर्ज आधार देत नाही. तो छातीवर बुक्क्या मारतो, खिडक्यांची तावदाने थरथरवतो, आणि त्याच्यावर उभे राहावयास गाणेच उरत नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ती पाळली जाते की नाही, हे वाचकांच्या कानांना ठाऊक आहे. ज्याची फार दिवस उपेक्षा झाली त्याला एकदम गादीवर बसवले म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना समजावा. आधाराची शक्ती आधारातच शोभते. मान हा आवाजाने द्यावयाचा नसून नावाने, बिदागीने आणि लक्षाने द्यावयाचा आहे.

निसर्गाने मात्र या बाबतीत एक चमत्कारिक न्याय करून ठेवला आहे. त्या जाड तारेच्या ध्वनीची एक लाट सुमारे आठ मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला भिंत, झाड, घर यांची अडचण वाटत नाही. ती त्यांना वळसा घालून पुढे जाते. म्हणून मंडपात बसलेल्यांना जो ऐकू येत नाही, तोच गावाबाहेर शेतावर जागणाऱ्या राखणदाराला ऐकू येतो. शब्द विरलेले असतात, गायिकेचा गळा वाऱ्यावर हरवलेला असतो, आणि तूर-सोयाबीनच्या रानावरून फक्त तो खालचा ठोका येत राहतो. माणसांचेही असेच होते. घरातली मंडळी जवळ असतात तोवर त्यांचा आधार कानी पडत नाही. वर्षे मध्ये गेली, की बाकीचे सारे विरून तेवढाच ऐकू येऊ लागतो. पण तेव्हा बिदागी देण्याची सोय राहिलेली नसते.

या दिवाळीत पहाटेच्या गाण्याला आपण जालच. गायक शेवटी साथीदारांची नावे घेऊ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी लोक चपला शोधावयास उठतात. तेवढी दोन मिनिटे बसून राहावे. नावे नीट ऐकावी. आणि घरी आल्यावर, फराळाचे ताट पुढे येईल तेव्हा, ते कोणी वाढले एवढेच न पाहता मागे अजून कोण उभे आहे हेही पाहावे, आणि त्या माणसाला आधी बसावयास सांगावे.