युद्धाचे पारडे कोठे फिरते?

(पौर्णिमेनिमित्त विहारात केलेल्या प्रवचनाचे लेखी रूप)



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर आपल्या विहारातील एका वयोवृद्ध उपासकांनी मला बाजूला बोलावले. ते पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. १९७१ च्या युद्धात ते पश्चिम सीमेवर होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारतो. दर पौर्णिमेला मी हात जोडून पहिले शील घेतो. प्राणिहिंसा करणार नाही असे म्हणतो. पण याच हातांनी मी बंदूक चालवली आहे. समोर माणसे पडलेली पाहिली आहेत. मग माझे शील खरे, की माझी पेन्शन खरी?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. पानिपत १५२६, प्लासी १७५७, वॉटर्लू १८१५ या सनावळ्या मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतील. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण त्या दिवशी माझी पदवी माझ्या उपयोगी पडली नाही. "पुढच्या पौर्णिमेला सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. आज ते काका समोर बसले आहेत. आता वेळ मारून नेता येणार नाही.

शाळेच्या पुस्तकात निर्णायक लढाई कोणती म्हणतात? जिच्यामुळे युद्धाचे पारडे फिरते ती. २ फेब्रुवारी १९४३ रोजी स्टालिनग्राड येथे वेढ्यात सापडलेल्या जर्मन सैन्याच्या शेवटच्या तुकडीने शस्त्रे खाली ठेवली आणि दुसऱ्या महायुद्धाचे पारडे फिरले, असे आम्ही शिकवतो. ते खोटे नाही. पण तो सेनापतींचा ताजवा झाला. त्यात तोफा, धान्य, थंडी आणि माणसांची संख्या तोलली जाते. तथागतांचा ताजवा निराळा आहे. तथागत मनाला सर्वांच्या अग्रभागी ठेवतात. म्हणून आपणांस विचारले पाहिजे, की माणसाच्या मनाचे पारडे कोणत्या युद्धात फिरले?

अशी एक लढाई सर्वांना ठाऊक आहे. ती कलिंगाची. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २६१ मध्ये, सम्राट अशोकाने कलिंग जिंकले. त्यातील हानीचे आकडे शत्रूने लिहून ठेवलेले नाहीत. ते विजेत्याने स्वतः खडकावर कोरविले. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली, असे तेरावा शिलालेख सांगतो. जगातल्या राजांचे शिलालेख पाहा. शत्रूची किती मुंडकी उडवली हे अभिमानाने कोरणारे पुष्कळ भेटतील. जिंकल्याचा पश्चात्ताप झाला, असे कोरणारा राजा विरळाच.

या लेखात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधतो. अशोक केवळ मेलेल्यांची मोजदाद करून थांबत नाही. तो म्हणतो, की ज्यांना स्वतःला काहीच झाले नाही, पण ज्यांचे मित्र, सोबती, नातलग संकटात सापडले, त्यांचेही दुःख हा त्यांच्यावर झालेला आघातच आहे. वर्गात मी हे शिकवले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे जी बाई घरीच होती तिलासुद्धा लढाई लागली?" होय, तिलाही लागली. कोणत्याही सेनापतीच्या हिशोबात त्या बाईचे नाव नसते. अशोकाने तिला हिशोबात धरले, त्या क्षणी पारडे फिरले. मारले गेले त्याच्या शंभराव्या, हजाराव्या भागाइतके लोक जरी पुन्हा दुःखी झाले, तरी आपणांस ते जड वाटेल, असेही तो पुढे नोंदवतो. शस्त्राने मिळवलेल्या विजयापेक्षा धम्माने मिळवलेला विजय तो श्रेष्ठ मानतो.

परंतु बंधूंनो, आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. श्रद्धेच्या भरात सत्य झाकणे आपल्याला शोभत नाही. अशोकाने कलिंग परत दिले, असे कोठेही लिहिलेले नाही. त्याने सैन्य मोडल्याचाही पुरावा नाही. त्याच लेखात अरण्यातील टोळ्यांना तो बजावतो, की मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हाती सामर्थ्य आहे हे विसरू नका. आणि आणखी एक नवल असे, की ज्या कलिंगात हे सारे घडले, तेथील धौली आणि जौगड या ठिकाणच्या खडकांवर हा पश्चात्तापाचा लेख कोरलेलाच नाही! तेथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत. त्यांत सर्व प्रजा माझी लेकरे आहेत असे सांगून, कोणालाही विनाकारण कैद करू नका, छळू नका, अशी ताकीद अधिकाऱ्यांना दिली आहे.

याचे कारण राजकीय असेल, असे विद्वान म्हणतात. असेलही. मला मात्र त्यात एक शिकवण दिसते. ज्याचे घर जाळले त्याच्यापुढे जाऊन "मला फार वाईट वाटले" असे सांगण्याने त्याचे छप्पर उभे राहत नाही. त्याला हवा असतो न्याय. उद्यापासून पोलीस पाटील त्याला विनाकारण डांबणार नाही, याची हमी त्याला हवी असते. पश्चात्ताप दूरच्या लोकांना सांगावा, जवळच्याला तो वागणुकीतून दाखवावा.

तरीही तलवारीचा व्रण सहजासहजी भरत नाही. पुढे त्याच कलिंगात खारवेल नावाचा राजा झाला. उदयगिरीच्या हाथीगुंफेत त्याचा लेख आहे. मगधावर चाल करून गेल्याचे आणि पूर्वी नंद राजाने कलिंगातून नेलेली जिनमूर्ती परत आणल्याचे त्यात अभिमानाने सांगितले आहे. कित्येक पिढ्या गेल्या, तरी एक अपमान लोकांच्या मनात जिवंत होता!

ही फार जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. मग आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळाकडे या. १८७१ च्या जानेवारीत फ्रान्सचा पराभव करणाऱ्या जर्मनांनी आपल्या साम्राज्याची घोषणा कोठे केली? फ्रान्सच्याच व्हर्सायच्या राजवाड्यात, आरसेमहालात. फ्रान्सने ते लक्षात ठेवले. २८ जून १९१९ रोजी पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीला त्याच आरसेमहालात तहावर सही करावी लागली. त्याआधी ११ नोव्हेंबर १९१८ रोजी काँपियेनच्या जंगलात रेल्वेच्या एका डब्यात युद्धबंदीचा करार झाला होता. फ्रान्सने तो डबा स्मारक म्हणून जपून ठेवला. २२ जून १९४० रोजी हिटलरने तोच डबा त्याच जागी आणवला आणि त्यातच फ्रान्सकडून शरणागतीची सही घेतली.

एक महाल आणि एक डबा! सत्तर वर्षे दोन शहाणी राष्ट्रे एकमेकांचा सूड त्याच खोलीत आणि त्याच बाकावर बसून घेत राहिली. प्रत्येक विजयाने पुढच्या युद्धाचे बी पेरले. हे चक्र थांबले ते १९४५ नंतर, जेव्हा त्याच दोन देशांनी आपला कोळसा आणि पोलाद एका सामाईक व्यवस्थेखाली आणायचे ठरवले. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी ही योजना मांडली. तोफा ज्या पोलादाच्या होतात तेच पोलाद सामाईक केले. माझ्या मते, युरोपातल्या त्या वैराचे पारडे तेथे फिरले.

आता एक उदाहरण बौद्ध देशाचे सांगतो. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जपानबरोबर शांततेचा तह करण्यासाठी परिषद भरली. सिलोनचे प्रतिनिधी म्हणून तेथे जयवर्धने बोलायला उभे राहिले. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली येथे बाँब टाकले होते. नुकसानभरपाई मागण्याचा सिलोनला हक्क होता. पण वैराने वैर मिटत नाही या तथागतांच्या शिकवणीचा हवाला देऊन, आमचा देश भरपाई मागणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. जपानी माणूस ते आजही विसरलेला नाही.

येथेच थांबलो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. पण गोष्ट पुढे आहे. हेच जयवर्धने पुढे आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, जुलै १९८३ मध्ये, कोलंबोत तमिळांची घरे आणि दुकाने जळली, माणसे मारली गेली. सरकारने ते वेळीच थांबवले नाही. त्यानंतर जे यादवी युद्ध भडकले ते मे २००९ पर्यंत चालले. समुद्रापलीकडच्या शत्रूला क्षमा करता आली, पण शेजारच्या गल्लीतल्या माणसाला भाऊ मानता आले नाही! देश बौद्ध असला म्हणजे देश धम्माने चालतो असे नाही, हे आपण मान खाली घालून मान्य केले पाहिजे. धम्म नावात नसतो, आचरणात असतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, आपल्या साऱ्या समाजाचा आहे. १ जानेवारीला आपण कोरेगावच्या स्तंभापुढे नतमस्तक होतो. विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातो. एकीकडे लढाईचे स्मारक, दुसरीकडे अहिंसेची दीक्षा. याचा मेळ कसा घालायचा?

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात आपले पूर्वज पेशव्यांच्या फौजेपुढे दिवसभर उभे राहिले. त्यांची नावे स्तंभावर कोरली गेली. पण त्या विजयाने त्यांच्या नातवंडांना गावच्या पाणवठ्यावर जाता आले काय? नाही. इतकेच नव्हे, ज्या सरकारसाठी ते लढले त्याच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची पलटणीतील भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. शौर्य सिद्ध झाले होते. माणुसकीचा हक्क मात्र मिळाला नव्हता.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी २० मार्चला ते महाडला चवदार तळ्यावर गेले. पाणी प्यायल्यानंतर सवर्णांनी आपल्या लोकांवर हल्ला केला, माणसे रक्तबंबाळ झाली. परिषदेला आलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले कितीतरी जण होते. लढाई म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले. जे हात उठू शकत होते ते उठले नाहीत. प्रश्न न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

बंधूंनो, ज्याचा हात उठूच शकत नाही त्याच्या शांत बसण्याला अहिंसा म्हणत नाहीत, ती लाचारी होय. कोरेगावने सिद्ध केले की आमचा हात उठू शकतो. महाडने सिद्ध केले की तो आम्ही आवरू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यात या दोन्हींचा मेळ आहे.

काका, तुम्ही त्या दिवशी जाता जाता एक वाक्य बोललात: "गोळी झाडताना मला राग नव्हता, भीती होती." तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. जेथे इच्छा आहे तेथे शील मोडते. वैशालीचा सिंह हा सेनापती होता. तो तथागतांना शरण गेला. सेनापतिपद सोड, असे तथागतांनी त्याला सांगितल्याची नोंद नाही. उलट, पूर्वी तो ज्या निर्ग्रंथ साधूंना दान देत असे त्यांच्यासाठी घराचे दार बंद करू नकोस, असे त्याला सांगितले. म्हणजे तथागतांनी त्याच्या हातातील शस्त्रापेक्षा त्याच्या मनातील वैराची काळजी अधिक केली. पण काका, समोर पडलेली ती माणसे तुम्हाला इतक्या वर्षांनंतरही आठवतात, हे विसरण्याचा प्रयत्न करू नका. अशोकालाही ती आठवत होती. ती आठवण म्हणजे शील मोडल्याचा डाग नव्हे. शील जिवंत असल्याची ती खूण आहे.

शेवटी आपल्या सर्वांसाठी एक गोष्ट. अशोकाने आपल्या एका लेखात प्रांजळपणे कबूल केले आहे, की उपासक झाल्यावर पहिले एक वर्ष आपण फारसा उद्योग केला नाही, संघाच्या सहवासात आल्यावर मात्र जोमाने प्रयत्न केला. सम्राट असून त्याने आपला आळस दगडावर कोरून ठेवला! दीक्षा घेऊन आपल्या घराण्यांना किती वर्षे झाली? आणि अजून आपल्याच वस्तीत जयंतीच्या दोन मिरवणुका निघतात. विहाराच्या किल्लीवरून दोन भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. काँपियेनच्या डब्याला हसणे सोपे आहे. आपणही आपापला डबा जपूनच ठेवला आहे.

येत्या जयंतीच्या आत किल्लीचा तो वाद मिटवू या. ज्याचा हक्क मोठा असेल त्याने आधी दुसऱ्याच्या दारी जावे. आपल्या वस्तीपुरते युद्धाचे पारडे तेथेच फिरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!