रुग्णालयाच्या फाटकाबाहेरचा उपचार

अर्धांगवायूचा रुग्ण व्यवसायोपचार विभागात काही आठवडे राबतो. शर्टाची बटणं एका हातानं लावायला शिकतो, चाकाच्या खुर्चीतून पलंगावर सरकायला शिकतो. विद्यार्थ्याच्या केसपेपरवर प्रगतीची नोंद होते आणि रुग्णाला घरी सोडलं जातं. चाळीतल्या घराचं दार मात्र खुर्चीहून अरुंद असतं आणि सामायिक संडास मजल्याच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून. कमावलेली सगळी कौशल्यं पलंगावरच पडून राहतात.

अशा वेळी उपचार माणसावर करायचा की दारावर? व्यवसायोपचाराचं शास्त्र दोन्हींवर म्हणतं. माणूस, त्याचं काम आणि त्याचा परिसर हे तिन्ही मिळूनच तिथं निदान होतं. शिक्षणात मात्र पहिल्या दोहोंना जेवढा वेळ मिळतो, तेवढा तिसऱ्याला मिळत नाही.

भारतात ही विद्या ज्यांनी आणली, त्या कमलाबाई निंबकर जन्मानं अमेरिकन, क्वेकर घराण्यातल्या. लग्नानंतर त्या इथल्याच झाल्या. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, आशियातली पहिली. दोनच वर्षांत अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. जिथं हा पेशा कुणाला ठाऊक नव्हता, तिथं शाळेसाठी जागा, शिक्षक आणि मान्यता मिळवणं हाच मोठा पाठपुरावा होता. आजच्या विद्यार्थ्यानं त्यांच्याकडून हाताच्या व्यायामांइतकाच हा चिवटपणाही घ्यायला हवा.

कायदा आज त्याच्या बाजूनं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकानं २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशी ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. त्या खटल्यात प्रत्यक्ष परिस्थितीचा अहवाल न्यायालयाला दिला तो हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या दिव्यांग अध्ययन केंद्रानं. असे अहवाल गावोगाव, दवाखान्या-दवाखान्यातून व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्यांनी का लिहू नयेत?

त्यांच्या हाती मोजपट्टी आहे. उताराचं प्रमाण एकास बारा असावं, म्हणजे सहा इंचांची पायरी चढायला सहा फुटांचा रॅम्प लागतो, हे त्यांना पाठ असतं. बँकांच्या, शाळांच्या दारात ओतलेले कितीतरी रॅम्प याच्या निम्म्या लांबीचेही नसतात. त्यावरून खुर्ची एकट्यानं चढवता येत नाही आणि उतरताना उलटायची भीती. रॅम्प आहे, अशी कागदावर नोंद मात्र झालेली असते. ‘इथं सोय नाही’ ही तक्रार साहेब ऐकून सोडून देतो. ‘उंची अठरा इंच, रॅम्प सात फूट, हवा अठरा फूट’ असं लेखी गेलं, की त्याला उत्तर द्यावं लागतं.

विद्यार्थ्याला कसला अधिकार, आधी विषय तर पक्का होऊ दे, असा आक्षेप घेतला जातो. तो पटण्यासारखा नाही. घराचं मोजमाप हा विषयच आहे. खरी जोखीम वेगळी: उत्साहाच्या भरात दिव्यांगांच्या वतीनं आपणच बोलत सुटणं. रतुरींचा खटला त्यांचा स्वतःचा होता. १९९५ चा पहिला कायदा व्हावा म्हणून दिल्लीत झगडणारे जावेद अबिदी स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते. काय हवं ते राहणाऱ्यानं ठरवायचं, विद्यार्थ्यानं मापं, कलमं आणि नमुना आराखडा पुरवायचा.

महाराष्ट्रात सुरुवात ग्रामपंचायतीपासून करता येईल. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. ग्रामीण केंद्रावर नेमणूक झालेल्या विद्यार्थ्यानं गावातल्या दिव्यांगांसोबत बसून शाळा, दवाखाना आणि पंचायत कार्यालय मोजावं, खर्चाचा अंदाज काढावा आणि अर्ज त्यांच्या सहीनं ग्रामसभेत जावा. तिथं दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचं दार आहे. या कामाला इंटर्नशिपमध्ये गुण ठेवावेत आणि तोंडी परीक्षेत परीक्षकानं विचारावं: अर्जाचं पुढं काय झालं?