दहा दिवसांचे मौन

देवाचा निरोप इमानाने पोचवणारा माणूस म्हटले की राजासमोर ताठ उभा राहून खडे बोल सुनावणारा संदेष्टा आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रवचनांतूनही त्याच्या धैर्याचेच गोडवे गायले जातात. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात असे धैर्य भरपूर आहे. त्याने सांगितलेला आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहून घेतलेला पट यहूदाच्या यहोयाकीम राजाने चाकूने कापून शेगडीत जाळला, तर यिर्मयाने ते सगळे पुन्हा लिहवून घेतले आणि वर भरही घातली. पण याच ग्रंथात दोन प्रसंगी हा माणूस गप्प राहतो. त्याचे इमान मला तिथे अधिक कसाला लागलेले दिसते.

पहिला प्रसंग यरुशलेमच्या मंदिरातला, इ.स.पू. 594च्या सुमाराचा. त्याआधी तीनेक वर्षांपूर्वी बाबिलचा राजा नबुखद्नेस्सर याने शहर घेतले होते. तरुण राजा यहोयाखीन, कारागीर आणि मंदिरातली मौल्यवान भांडी बाबिलला गेली होती. बाबिलची सत्ता मान्य करा, नाहीतर सर्वनाश होईल, हे सांगायला यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. अशा वेळी गिबोनचा हनन्या याजकांसमोर आणि लोकांसमोर उभा राहिला. दोन वर्षांत भांडी परत येतील, राजा परत येईल, बाबिलचे जू मोडेल, असे त्याने जाहीर केले. तोही परमेश्वराच्याच नावाने बोलत होता आणि त्याच धाटणीत बोलत होता. ऐकणाऱ्याने खरा कोण ते ओळखायचे कशावरून?

यिर्मया म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो. काहींना यात उपरोध दिसतो. मला दिसत नाही. स्वतःच्या शहराचा नाश भाकीत करताना हा माणूस रडत होता. आपण खोटे ठरलो असतो तर सर्वांत जास्त आनंद त्यालाच झाला असता. शांतीचे भाकीत करणारा खरा की खोटा हे ते घडल्यावरच कळते, एवढे मात्र त्याने बजावले. तेव्हा हनन्याने त्याच्या मानेवरचे जू ओढून काढले आणि सर्वांदेखत मोडले. यिर्मया काही न बोलता निघून गेला.

बघणाऱ्यांना तो हरल्यासारखाच वाटला असेल. त्याला सडेतोड उत्तर सुचले नसेल असे मानणे कठीण आहे. शब्दांची त्याला कधीच वाण नव्हती. पण त्या क्षणी दिलेले उत्तर त्याचे स्वतःचे असते, आणि त्यावर परमेश्वराच्या नावाचा शिक्का मारायला तो तयार नव्हता. लाकडी जुवाच्या जागी आता लोखंडी येईल, हा निरोप नंतर आला. तेव्हा तो परतला आणि बोलला. हनन्या त्याच वर्षी मेला.

दुसरा प्रसंग यरुशलेम पडल्यानंतरचा. बाबिलने नेमलेला अधिपती गदल्या याचा खून झाला होता आणि सूड उगवायला बाबिलचे सैन्य येईल या भीतीने उरलेसुरले लोक बेथलेहेमजवळ जमले होते. मिसरला पळावे की इथेच राहावे, हे देवाला विचारून सांग, अशी त्यांनी यिर्मयाला गळ घातली. उत्तर बरे असो वा वाईट, आम्ही ते पाळू, अशी शपथही घेतली. त्याचे स्वतःचे मत काय, हे चाळीस वर्षे त्याला ऐकणाऱ्या कोणालाही सांगता आले असते. तरी दहा दिवस तो थांबला. भेदरलेल्या जमावाला दहा दिवस थोपवून धरणे ही लहान गोष्ट नव्हे. पण मत आणि निरोप यांत अंतर राखायचे तर थांबण्याला पर्याय नव्हता.

यावरून यिर्मयाला नियमावलीतला आदर्श पुरुष करू नये. शहर पडण्यापूर्वी सिद्कीया राजाशी झालेले गुप्त बोलणे अधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हा राजाने शिकवून ठेवलेले अर्धेच उत्तर त्याने दिले आणि सुटका करून घेतली. ग्रंथ त्याबद्दल त्याला दोष देत नाही. देवाच्या निरोपात मात्र त्याने कधी कपात केली नाही.

दहा दिवसांनी उत्तर आले: इथेच राहा, मिसरला जाऊ नका. शपथ घेतलेल्या त्याच लोकांनी त्याला खोटारडा म्हटले, बारूखाने फितवल्याचा आरोप केला आणि ते मिसरला निघाले. जाताना त्यांनी यिर्मया आणि बारूख या दोघांनाही सोबत नेले. मिसरमध्ये तहपन्हेस इथे पोचल्यावर यिर्मयाला पुढचा निरोप आला, आणि तोही त्याने याच लोकांना सांगितला.