पत्र मिळणार नाही

ते पत्र मी तुला मिळवून देणार नाही. प्राचार्यांशी माझी जुनी ओळख आहे, खरं आहे. पण त्यांना खोट्याखाली सही करायला लावावं म्हणून ती जपलेली नाही.

काय लिहून हवंय तुला? तर या विद्यार्थ्याचं पदवीचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं. पुण्याच्या त्या कन्सल्टन्सीवाल्यानं तुझ्या कानात 'एमओआय' फुंकलं: ब्रिटनमधली काही विद्यापीठं असं पत्र चालवून घेतात, मग आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची कटकटच नाही. घेतात चालवून, कोण नाही म्हणतो. पण तुझ्या रसायनशास्त्राच्या तासाला इंग्रजी किती बोललं जायचं, हे तूच मला सांगितलं होतंस, याच ओट्यावर बसून, हसत हसत. फळ्यावर इंग्रजी, तोंडानं मराठी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधले ठरलेले प्रश्न. तेव्हा ती गंमत होती. आता त्याच गमतीवर कॉलेजचा शिक्का हवाय. आणि पत्र पोचल्यावर तिकडच्यांनी व्हिडिओवर मुलाखत लावली तर? प्राचार्य तुझ्या शेजारी बसून उत्तरं देणार आहेत का?

"बारावीला इंग्रजीत चांगले मार्क आहेत सर." ते मार्क कसे पडतात हे तू मला सांगतोस? ऐंशी लेखी, वीस तोंडी. तोंडी परीक्षेत तू काय बोललास ते आठव. आठवणार नाही, कारण बोललाच नाहीस. रांगेत उभं राहायचं, आपलं नाव आणि गाव सांगायचं, अठरा-एकोणीस गुण घेऊन बाहेर यायचं. आपल्या भागात किती ठिकाणी हेच चालतं, ते मी नोकरीभर पाहिलंय. लेखीत पत्र, जाहिरात, उताऱ्याखालचे प्रश्न असं साच्यात बसवून निघालास. त्या गुणांवर इथं पेढे वाटता आले. लेस्टर किंवा लीड्सच्या वर्गात त्या पेढ्यांचा काही उपयोग नाही.

आणि मराठी माध्यमाचं रडगाणं माझ्यापुढं नको. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तुझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासून पदवीपर्यंत इंग्रजीचं पुस्तक तुझ्या दप्तरात होतं. शिकवणारे कच्चे होते, मान्य. शब्दार्थ फळ्यावर लिहून मोकळे होणारे मास्तर माझ्याही माहितीतले आहेत, त्यांना मी वेगळं बोललो आहे. पण रोजचा दीड जीबी डेटा तुझ्या हातात येऊन वर्षं झाली, त्याचं काय केलंस? त्यात जगातल्या कुठल्याही माणसाचं इंग्रजी फुकट ऐकायला मिळत होतं. तू रील्स पाहिल्यास.

परवा तुला साधं क्यू कार्ड दिलं. पाहिलेल्या एका ऐतिहासिक जागेबद्दल बोल. परीक्षेत असतो तसा एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटं बोलायला. तू तेवढाही थांबला नाहीस, ताजमहाल सुरू. संगमरवर, यमुना, चांदणी रात्र, 'सिम्बॉल ऑफ इटर्नल लव्ह', सगळं एका दमात. मी मध्येच विचारलं, आग्र्याला कशानं गेलास? सोबत कोण होतं? ऊन होतं की थंडी? तोंडाला कुलूप. गेलाच नाहीस तर सांगणार काय! आणि तुझ्या गावापासून चारठाणं किती लांब आहे रे? ती जुनी कोरीव देवळं, तो उंच स्तंभ, तिथं शाळेची सहल गेली नव्हती का तुझी? डबा कुठं सोडला, कोण हरवलं, कोणत्या मास्तरांनी कान पिळला, सगळं तुला ठाऊक आहे. पण त्याचं उत्तर यूट्यूबवर तयार मिळत नाही, म्हणून तू ते सोडून दिलंस. परीक्षक अकरा ते चौदा मिनिटं तुझ्याशी बोलणार. त्यानं हा ताजमहाल ढिगानं ऐकलेला असतो, आणि पाठांतर ओळखायला त्याला शिकवलेलंही असतं.

निबंधाची तीच कथा. लेखनाचा दुसरा प्रश्न अडीचशे शब्दांचा, पहिल्याच्या दुप्पट वजनाचा. तू आणलेल्या निबंधातली पहिली चार वाक्यं पर्यावरणावर चालतील, मोबाइलवर चालतील, हुंड्यावरही चालतील. ती कन्सल्टन्सीची होती. पाचवं वाक्य तुझं होतं, आणि त्यात क्रियापद नव्हतं. विद्यापीठाला हवेत एकूण साडेसहा बँड, कुठल्याही भागात सहाच्या खाली नको; म्हणजे बाकी तिन्हीकडं सात आले आणि लेखनात साडेपाच, तरी अडलास. "एकाच भागाची फेरपरीक्षा देता येते सर," असं तू लगेच म्हणालास. फेरपरीक्षेचा नियम बिनचूक पाठ, क्रियापदाचा पत्ता नाही!

नुसत्या कागदावर निघालेल्यांचं काय होतं ते ऐक. 2022 साली कॅनडातून अमेरिकेत चोरून शिरताना सेंट रेजिस नदीत एका बुडत्या नावेतून काही पोरं पकडली गेली. गुजरातची, तुझ्याच वयाची. कोर्टात उभी केली तर न्यायाधीशाच्या साध्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तर देता येईना, हिंदी दुभाष्या आणावा लागला. आणि कागदावर आयईएल्ट्सचे साडेसहा-सात बँड! चौकशी फिरत फिरत मेहसाण्यापर्यंत आली. तू तसलं काही करणार नाहीस, मला ठाऊक आहे. पण त्यांचाही प्रवास असल्याच एका कागदापासून सुरू झाला होता.

परीक्षा हा धंदा आहे, हे मला कळत नाही असं समजू नकोस. सतरा-अठरा हजार फी, निकाल दोनच वर्षं चालणार, जणू तिसऱ्या वर्षी माणूस बोलायचं विसरतो. वरून नियमही हवे तेव्हा बदलतात. ऑस्ट्रेलियानं मार्च 2024 मध्ये विद्यार्थी व्हिसाची अट साडेपाचवरून सहावर नेली. चीड यावी असंच आहे हे. तर चिडून अभ्यास कर. आयईएल्ट्स चुकवलीस तरी पुढचा वर्ग चुकणार नाही. तिथला प्राध्यापक भराभर बोलणार, एकदाच बोलणार. आम्ल पाण्यात ओतायचं की पाणी आम्लात, हे न कळता प्रयोगशाळेत मान डोलावलीस तर हात कोणाचा भाजेल?

आता नवीनच काढलंस, मग जर्मनीला जातो, तिथं फी नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणत आपण मिरवतो, पण म्हणून ती जर्मनी आपल्यासाठी पायघड्या घालून बसलेली नाही. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते, बरोबर. पण नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या मुलांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे गुणपत्रिका तपासून घेतल्याशिवाय ते पुढं बोलत नाहीत. इंग्रजीतून अभ्यासक्रम घेतलास तरी इंग्रजी येतं हे दाखवावंच लागतं; घरमालकाशी आणि डॉक्टरशी बोलायला जर्मन लागते ती वेगळीच. इंग्रजीला कंटाळून जर्मन शिकायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहतोय. बाबासाहेबांनी लंडनला शिकत असताना बॉनच्या विद्यापीठात जायचं ठरवलं, तेव्हा 1921 मध्ये अर्ज जर्मन भाषेत लिहिला, तोही स्वतःच्या हातानं. तुझ्या घरात त्यांचा फोटो आहे म्हणून सांगतो.

तुझे वडील परवा मला मोंढ्यात भेटले. बँकेत जमीन तारण ठेवायला निघाले आहेत. त्यांना वाटतंय, पोराचं सगळं झालंय, फक्त कॉलेजच्या एका कागदावर अडलंय. त्यांना हे कोणी सांगितलं, मी विचारलं नाही.

कन्सल्टन्सीनं दिलेलं पुस्तक उद्या माझ्याकडं आणून टाक. परीक्षेची तारीख घेतली असशील तर पुढं ढकल, पैसे कापले जातील ते जाऊ दे. सकाळी बीबीसीची एक बातमी ऐकायची, एकदाच. ऐकण्याच्या परीक्षेत फीत एकदाच वाजते आणि स्पेलिंग चुकलं की गुण जातो. जे कळलं ते लिहून काढायचं. संध्याकाळी अडीचशे शब्द, हातानं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिला विषय कापसाचा भाव. त्यावर तयार चार वाक्यं तुला कुठं सापडणार नाहीत. चुकांवर लाल रेघ मी मारीन, दुरुस्ती तू करायची.

आणि पत्र का मिळालं नाही, हे आज घरी जाऊन वडिलांना तूच सांगायचं. "सर ऐकत नाहीत" एवढंच सांगून मोकळा झालास, तर उद्या सकाळची जिंतूरची एसटी मी धरीन.