फुकट मिळाले, म्हणून आपले झाले का?

मागच्या वर्षीच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरील गणपतीचे छायाचित्र अनेकांना आवडले होते. ते मी इंटरनेटवरून घेतले होते. खाली बारीक अक्षरांत 'क्रिएटिव्ह कॉमन्स' असे लिहिले होते. त्याचा अर्थ मी 'फुकट' असा घेतला, रंग थोडे गडद केले आणि चित्र छापायला दिले. छायाचित्रकाराचे नाव कुठेच टाकले नाही. दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले. त्यात राग नव्हता, पैशांची मागणी नव्हती. चित्र वापरल्याचा आनंद आहे, फक्त माझे नाव राहिले, एवढेच लिहिले होते. वाचून मी ओशाळलो.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. देणाऱ्याने आपणहून सर्वांसाठी ठेवलेली वस्तू घेताना घेणाऱ्याचे काही कर्तव्य उरते का? देवळातला प्रसादही फुकटच असतो, पण आपण तो हात पुढे करून घेतो, ताटातून ओरबाडत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. त्यांत कर्ता आपला हक्क सोडून देत नाही, तर काही अटींवर आगाऊ परवानगी देऊन ठेवतो. अटी मुख्यतः चार: कर्त्याचे नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदललेली आवृत्ती वाटू नका, किंवा बदललीत तर तीही त्याच अटींवर इतरांना द्या. नावाची अट सहाही परवान्यांत आहे, बाकीच्या कर्ता आपल्या इच्छेनुसार घालतो. आपल्या स्मरणिकेत जाहिराती असतात, तेव्हा 'धंद्यासाठी नको' असे लिहिलेले चित्र विचारूनच घेतलेले बरे.

खरे तर डॉक्टरला हे कळायला हवे होते. पेशंट पित्ताशयाच्या ऑपरेशनला संमती देतो. भूल दिलेलीच आहे तर हर्नियाही उरकून टाकू, असे सर्जनला म्हणता येत नाही. संमतीला पैसे पडत नाहीत, पण तिला मर्यादा असते.

एक स्नेही म्हणाले, "अहो डॉक्टर, आपल्या संतांनी कधी कॉपीराइट मागितला का?" नाही मागितला. पण अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा असते आणि कीर्तनकार ती गाळत नाही. तुकोबांच्या अभंगांत स्वतःचे नाव घालणाऱ्या सालोमालोची कथा परंपरा सांगते. गाथेतही त्याचा समाचार घेतलेला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यात कोणी आपली ओवी घुसडू नये असे बजावले. अशी भर त्यांना अमृताच्या ताटात ठेवलेल्या करवंटीसारखी वाटली. गावे सर्वांनी, पण नाव आणि पाठ जपावा, हे आपल्याकडे जुनेच आहे.

इथले उदाहरण टोरांटोच्या ईटन सेंटरचे. तिथे मायकेल स्नो यांचे साठ उडत्या कॅनडा गूज पक्ष्यांचे शिल्प आहे. नाताळच्या सजावटीसाठी त्या पक्ष्यांच्या गळ्यांत लाल फिती बांधल्या गेल्या. शिल्प रीतसर विकत घेतलेले होते, हेतूही सणाचा होता. तरी १९८२ मध्ये न्यायालयाने त्या फिती काढायला लावल्या, कारण शिल्पकाराची प्रतिष्ठा त्या शिल्पाशी जोडलेली होती. विकत घेतलेल्या वस्तूची ही कथा, मग मोफत मिळालेल्या वस्तूबाबत आपण किती जपायला हवे!

या परवान्यांच्या २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत एक तरतूद मला फार आवडली. चूक कळल्यापासून तीस दिवसांत ती सुधारली, तर गमावलेला हक्क आपोआप परत मिळतो. हे आपल्या प्रायश्चित्तासारखेच झाले. संकेतस्थळावरच्या प्रतीत मी लगेच नाव घातले आणि रंग बदलल्याची नोंदही केली. छापील प्रती मात्र तोवर घरोघरी पोचल्या होत्या.

त्या छायाचित्रकाराचे नाव या अंकाच्या पहिल्या पानावर दिले आहे. जुनी स्मरणिका आपल्या घरी असेल, तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ते नाव आपल्या हाताने लिहावे, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!