पुतळा हलला म्हणजे इतिहास पुसतो काय?



मागच्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर माझ्या वर्गातील एका मुलाने मला विहाराच्या पायरीवर अडविले. "गुरुजी, जयपूरच्या हायकोर्टातला मनूचा पुतळा काढला तर इतिहास पुसला जाईल, असं म्हणतात. खरं काय?" प्रश्न पोराचा असला तरी शिकलेसवरलेलेही हेच विचारतात. म्हणून उत्तर सर्वांपुढे देतो.

हा पुतळा काही प्राचीन नव्हे. राज्यघटना अंमलात येऊन एकोणचाळीस वर्षे झाल्यावर, १९८९ साली, तो बसविला गेला. त्याच वर्षी न्यायमूर्तींच्या बैठकीने तो हटविण्याचा ठराव केला. त्याविरुद्ध याचिका झाली, स्थगिती मिळाली आणि पुतळा तिथेच राहिला. ज्याच्या नावाच्या स्मृतीने शूद्राला आणि स्त्रीला माणूसपण नाकारले, त्याला न्यायालयाच्या अंगणात मान कशासाठी?

बंधूंनो, चौथरा हा सन्मान असतो, इतिहास नव्हे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. पण गावच्या विहिरीपासून किती पावले दूर उभे राहायचे, हे तिला शेवटपर्यंत आठवत होते. त्या इतिहासासाठी तिला पुतळा लागला नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. म्हणून बाबासाहेब मनूला विसरले काय? १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी मनूची वचने पुढे ठेवूनच त्याची झडती घेतली. मुंबईत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलविला. त्या जागेला लोक आजही काळा घोडाच म्हणतात. राजाचा मान गेला, आठवण राहिली.

कोणी विचारील, मग २००१ साली तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती उडविल्या, तेव्हा तुम्हांला दुःख का झाले? हा प्रश्न टाळू नये. तिथे पाहण्या-अभ्यासण्याचे साधनच सुरुंगाने नष्ट केले. आपण मनूचा पुतळा फोडा म्हणत नाही. तो संग्रहालयात ठेवा आणि केव्हा बसविला, का हलविला, हे खाली लिहा. अशाने इतिहास वाढतो.

२०१८ साली औरंगाबादहून गेलेल्या दोन भगिनींनी त्या पुतळ्याला काळे फासले. त्यांचा संताप मला कळतो. माझ्या आजीचाही तोच होता. तरीही आपला मार्ग घटनेचा आणि मैत्रीचा. वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण आपण रोज सांगतो. ती अशाच वेळी पाळायची असते.

आणि शेवटी स्वतःला विचारा. जयपूरचा मनू न्यायालय हलवील. पोटजात विचारून सोयरीक जुळविणाऱ्या आपल्या घरातला मनू कोण हलविणार? सम्यक स्मृती म्हणजे जे घडले ते न विसरणे, आणि जे वाईट होते त्याला मनाच्या चौथऱ्यावर न बसविणे. त्या मुलाला मी एवढेच सांगितले. आपणही आपल्या मुलांना सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!