रिकाम्या आसनाचा हक्क

दिवाळीच्या फराळाच्या ताटापुढे रक्तपाताचा विषय काढू नये, हे मला कळते. पण आमच्या शेजारचे सुभेदारकाका दर पाडव्याला घरी येतात, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडला की त्यांना बैदोआ आठवते. बैदोआ हे सोमालियातले गाव. १९९३-९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीने भारतीय सैन्याची एक ब्रिगेड तिकडे गेली होती. काका तीत होते. गेल्या पाडव्याला त्यांनी मला विचारले, "गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तर एवढे सांगा. जुलमी राजा गेला. मग लोक सुखी व्हायचे, ते उपाशी का मेले?"

मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. तेव्हा गप्प बसलो. पुढे वर्षभर मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता प्रश्न सोमालियाचा राहिला नाही, माझाही झाला.

हकीकत अशी. सियाद बारे या सेनापतीने १९६९ साली सत्ता बळकावली आणि एकवीस वर्षे राज्य केले. कुळभेद नष्ट केल्याचे त्याने वाजतगाजत जाहीर केले. त्या भेदाच्या प्रतिमांचे दफनही करविले. प्रत्यक्षात मात्र आपल्या कुळाला जवळ केले आणि इतरांना चिरडले. १९८८ साली त्याच्या विमानांनी त्याच्याच देशातले हर्गेसा शहर बेचिराख केले. शस्त्रे त्याला आधी रशियाने पुरविली, मग अमेरिकेने. जानेवारी १९९१ मध्ये तो राजधानी मोगादिशू सोडून पळाला. आसन रिकामे झाले. बंदुका तेवढ्या मागे राहिल्या.

आता दोन पुरुष पुढे आले. मोहम्मद फराह ऐदीद हा सेनानी. बारेच्या तुरुंगात याने वर्षे काढलेली, पुढे दिल्लीत सोमालियाचा राजदूत म्हणून राहिलेला, आणि अखेर बारेशी रणात लढलेला. दुसरा अली महदी मोहम्मद, राजधानीतला धनिक, हॉटेलांचा मालक. संघटनेच्या एका गटाने त्याला हंगामी अध्यक्ष म्हणून जाहीर केले. पुढे जिबूतीच्या परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. ऐदीद म्हणे, "लढलो मी, आसन माझे." अली महदी म्हणे, "नेमले मला, आसन माझे." दोघेही एकाच संघटनेतले, एकाच हाविये कुळातले, पोटकुळे तेवढी निराळी. भाषा एक, धर्म एक. भाषा आणि धर्म एक असले की राष्ट्र अभंग राहते, असे आपण मुलांना शिकवतो. ते किती अपुरे आहे, ते मला येथे कळले.

नोव्हेंबर १९९१ पासून चार महिने तोफा चालल्या. शहराची दोन शकले झाली. उत्तर एकाची, दक्षिण दुसऱ्याची. हजारो माणसे मेली.

पण माझे मन मोगादिशूपेक्षा काकांच्या बैदोआतच अडकून राहते. तिकडचा शेतकरी आपल्यासारखीच ज्वारी पिकवतो, आणि आपल्या आज्यापणज्यांसारखीच ती जमिनीत पेव खणून साठवतो. या माणसाला आसन नको होते. त्याच्या शिवारातून पळणारे सैन्यही गेले आणि पाठलाग करणारेही गेले. पेवे उघडली गेली, बियाणेसुद्धा उरले नाही. १९९२ च्या त्या दुष्काळात दोन लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. बाहेरून धान्य आले तर तेही बंदूकवाल्यांनी वाटेत लुटले. काका सांगतात, "धान्याच्या ट्रकाबरोबर आम्ही बंदुका घेऊन चालायचो. भाकरीला पहारा लागतो, हे तिथे पाहिले."

यात दोषी कोण? दोघांनाही राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण मला छळते ते हे की दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. आणि बारेने लोकांना शिकवून ठेवले होते की आसन ज्याच्या कुळाचे तो जगतो, बाकीचे मरतात. मग हरायला कोण तयार होणार?

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या शाळेत मी पूर्वी होतो, तिथले मुख्याध्यापक निवृत्त झाले. मी सेवेने ज्येष्ठ. दुसरे गुरुजी शिक्षणाने वरचढ. निर्णय येईपर्यंत पुस्तकांचे कपाट कोणाच्या ताब्यात, यावर आमची जुंपली. मी कुलूप लावले. त्यावर त्यांनी आपले लावले. सात महिने कपाट बंद. शेवटी म्हातारा शिपाई आम्हा दोघांपुढे हात पसरून उभा राहिला. "किल्ल्या द्या, गुरुजी. पुस्तकं पोरांची हायेत." कपाट उघडले, तर खालचे दोन कप्पे वाळवीने खाल्लेले. नियम माझ्या बाजूने होता, हे पुढे कागदोपत्री सिद्धही झाले. पण त्या वाळवीपुढे तो कागद वाचायची मला लाज वाटली.

हक्क खरा असला म्हणजे तो बजावण्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल करण्याचाही हक्क मिळतो, असे आपण धरून चालतो. चूक तिथेच आहे. माझ्या हक्काची किंमत जो भरतो, त्याला मी विचारले आहे काय?

कोणी म्हणेल, एकाने सोडावे आणि दुसऱ्याने लांडग्यासारखी झडप घालावी, यात कसला धर्म? आक्षेप खरा आहे. दोघांनीही ज्याच्या हातात किल्ल्या द्याव्यात असा तिसरा लागतो. उत्तरेकडच्या सोमालीलँडात तो होता. १९९३ साली बोरामा गावी कुळांचे वडीलधारे महिनोन्‌महिने बसले, आणि रक्त न सांडता अध्यक्ष बदलला. पुढे तिथेही लढाया झाल्या, नाही असे नाही. पण बोलायची बैठक मोडली नाही. मोगादिशूतही वडीलधारे होते. त्यांच्या शब्दापेक्षा बंदुका मोठ्या झाल्या होत्या. घर पडल्यावर असा तिसरा शोधून सापडत नाही. घर उभे असतानाच त्याचा मान राखावा लागतो.

ऐदीदने १९९५ साली स्वतःला अध्यक्ष म्हणवून घेतले. पुढच्याच वर्षी राजधानीतल्या लढाईत तो जखमी झाला आणि १ ऑगस्ट १९९६ रोजी वारला. अली महदी २०२१ साली नैरोबीत, परदेशी, वारला. ज्या आसनासाठी हे सारे झाले, त्यावर देशभर मान्य होईल असा दोघांपैकी कोणीच बसला नाही.

या पाडव्याला काका येतील. त्यांना सांगेन, "काका, राजा गेला म्हणून ते मेले नाहीत. ज्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात तो कोणी उरला नव्हता, म्हणून मेले." त्यांना हे पटेल की नाही, कोण जाणे. माझ्या आताच्या शाळेत कपाटाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असते, मुलांचा हात पोचेल इतक्या खाली.